थकलेलं तेल

गंगापूर रोडच्या आसपास आम्ही घर शोधत होतो तेव्हा बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा असायचा. उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते पाहायचं आणि जिना उतरतानाच पुढच्या घराचा पत्ता काढायचा, असा आमचा शिरस्ता झाला होता. या घरमालकांनी दार उघडलं, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कडेवरच्या मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "गॅसची नळी शेवटची कधी बदलली?"

आम्हाला आठवेना.

"आठवत नाही म्हणजे जुनी आहे. नवी घ्या, मग सामान आणा."

एवढ्यावर घर मिळालं. सामान लावून झाल्यावर नवरा बाबासाहेबांची तसबीर लावायला भिंतीत खिळा ठोकत होता, तर ठोकण्याचा आवाज ऐकून ते वरून धावत आले. मला वाटलं, झालं, आता इथेही सुरू. ते म्हणाले, "त्या भिंतीत नको. मागून हॉटेलची चिमणी जाते, भिंत तापते, काच तडकेल. या बाजूला लावा." आणि नवरा स्टुलावर चढला तसे त्यांनी खाली बसून स्टुलाचे पाय धरले.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. मूळचे सटाण्याचे. नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, सेफ्टी विभागात. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून हे घर पुरं केलेलं: खाली रस्त्याला तोंड करून एक गाळा, पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर आप्पा आणि काकू, वर गच्ची. गाळ्यात कायम काहीतरी खाण्याचंच दुकान असे, कारण कॉलेजची मुलं जवळ आणि भाडं तेच लोक चांगलं देत. गाळ्याच्या मागून पत्र्याची एक जाड चिमणी भिंतीला धरून गच्चीच्याही वर गेलेली होती. आप्पांचं सगळं आयुष्य त्या चिमणीभोवती फिरत होतं.

ते घरातसुद्धा बूट घालून असत. रबरी तळव्याचे, नाडीचे बूट. झोपतानाच काय ते काढायचे, तेही पलंगाशेजारी, नाड्या सैल करून, पाय घातला की निघता येईल असे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "पळायची वेळ आली की चप्पल निसटते." प्रत्येक मजल्यावर लाल रंगाची वाळूची बादली. ती वाळू ते अधूनमधून चाळणीने चाळत, कारण मांजरं त्यात घाण करत. जिन्यात कुणी सायकल लावली, चपलांचा स्टँड ठेवला, दिवाळीला आकाशकंदिलाचं खोकं ठेवलं, तरी ते उचलून आमच्या दारात आणून ठेवत. "जिना घरवाल्याचा नसतो, पळणाऱ्याचा असतो," हे त्यांचं वाक्य आमच्या मुलीला बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं.

रोज सकाळी ते जिन्याच्या मधल्या वळणावर उभे राहायचे. डोळे मिटायचे, मान किंचित वर करायचे आणि आखूड आखूड श्वास घ्यायचे. मग चिमणीच्या बाजूच्या भिंतीवर तळहात टेकवायचे, एखाद्या आजारी माणसाचा ताप बघावा तसे. काकू वरून म्हणायच्या, "नोकरी संपली, ड्युटी काही संपत नाही." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं आणि तक्रारही नव्हती.

आम्ही राहायला आलो तेव्हा गाळ्यात चायनीज होतं. मालेगावचा एक तरुण ते चालवायचा. घरी यंत्रमाग होते, त्या खडखडाटात मन रमत नाही म्हणून तो इकडे आला होता. मोठ्या ज्वाळेवर कढई उडवायची, लालभडक मंचुरियन, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. संध्याकाळी आप्पा खाली जाऊन त्याच्या तळणीच्या कढईसमोर उभे राहायचे.

"तेल थकलंय."

"चाचा, आजही तो डाला."

"आजचं टाकलं, पण कालच्यात टाकलं. थकलेल्यात ताजं ओतलं की ताजं पण थकतं. थकलेलं तेल लवकर धूर सोडतं आणि लवकर पेट घेतं. त्याला सुट्टी दे."

तो हसायचा, गिऱ्हाइकाला डोळा मारायचा. पण आप्पा हलायचे नाहीत. शेवटी कटकट नको म्हणून तो तेल बदलायचा. पुढे तो गाळा सोडून जाताना आप्पांना भेटायला वर आला, तेव्हा म्हणाला, "चाचा, नई जगा पे कोई तेल देखनेवाला नहीं है. डर लगता है." आप्पांना त्यात थट्टा दिसली नाही. त्यांनी त्याला गंभीरपणे सांगितलं की भीती वाटते तोवर सगळं ठीक असतं.

गच्चीवर कपडे वाळत घालताना ते मला त्या रस्त्याचा इतिहास सांगायचे. पूर्वी बाहेर खायला काहीतरी निमित्त लागायचं. पाहुणा आला, निकाल लागला, पगार झाला. सकाळची मिसळ होती, पण तिथे भट्टी समोर असायची आणि वाढणारा माणूसही समोर. मग ज्यूस-सँडविच आलं, मग चायनीज, मग पिझ्झा, मग कॉलेज रोडला काचेची मोठी बर्गरची दुकानं, जिथे रविवारी देवळ्या-सटाण्याहून अख्खी कुटुंबं जीप करून यायची आणि परतताना सॉसच्या पुड्या खिशात घालून न्यायची. हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण आप्पा हा इतिहास चवीने मोजत नव्हते, आगीने मोजत होते. "सँडविचवाल्याकडे एक तवा होता. चायनीजवाल्याची भट्टी रॉकेटसारखी. पिझ्झ्यावाल्याने माझा विजेचा मीटर दोनदा जाळला. त्याच्यानंतरच्या बर्गरवाल्याने तळणीची मशीनं आणली, एकेका मशीनमध्ये बादलीभर उकळतं तेल. गाळा तेवढाच आहे. आग किती वाढली बघ."

मी एकदा म्हटलं, "आप्पा, मग देऊ नका ना खाण्याच्या दुकानाला. कपड्याच्या दुकानाला द्या."

"कपड्याचं दुकान जास्त जळतं," ते म्हणाले.

मग कोरोना आला. गाळा बंद पडला, कॉलेज रोड रिकामा झाला. आप्पा-काकू दोघंही आजारी पडले, आम्ही दारात डबे ठेवायचो, आणि दोघंही त्यातून उठले. काकूंचे गुडघे मात्र कायमचे गेले, त्या वरच्या मजल्यावरून उतरेनाशा झाल्या.

रस्ता पुन्हा सुरू झाला तेव्हा गाळ्यात आलं ते दुकान आम्ही आधी पाहिलेल्या कुठल्याच दुकानासारखं नव्हतं. शटर अर्धं खाली. खुर्च्या नाहीत, पाटी नाही, गिऱ्हाईक नाही. आत पांढरे दिवे, तळण्याची मशीनं, आणि भिंतीवर ओळीने लावलेले फोन सतत वाजणारे. बाहेर डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या. आप्पांनी चौकशी केली तर कळलं की या एकाच किचनमधून बिर्याणीचं एक हॉटेल चालतं, मोमोचं वेगळं, बर्गरचं वेगळं आणि 'आईच्या हातचं' म्हणून घरगुती थाळीचं आणखी एक. नावं निराळी, फोनवरचे फोटो निराळे, कढई एकच. चालवणारी मॅनेजर पंचवटीतली एक मुलगी होती, हुशार, सतत घाईत.

"खाणाऱ्याचं तोंड दिसत नाही तिथं रांधू नये," आप्पा म्हणाले.

काकूंना मात्र ते किचन फार आवडलं. नातवाने पुण्याहून पाठवलेल्या फोनवर त्यांनी एका दुपारी मोमो मागवले. त्यांना ठाऊक नव्हतं की ते खालीच होतात. खाली मोमो वाफवले गेले, डिलिव्हरीवाला कुठून तरी लांबून गाडी चालवत आला, शटरखालून पिशवी घेतली, फोनवर पत्ता पाहिला, इमारतीकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं आणि जिना चढून वर गेला. मी दारात होते. तो म्हणाला, "ताई, हे सेम बिल्डिंग आहे का?" मी हो म्हटलं. वर काकूंनी त्याला पाणी दिलं आणि एवढ्या उन्हात किती लांबून आलास म्हणून चौकशी केली. तो बिचारा पाणी पिऊन तसाच खाली उतरला. आम्ही त्यावर पुष्कळ दिवस हसलो. आप्पा हसले नाहीत. त्यांचं लक्ष डिलिव्हरीवाल्याने जिन्याच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या गाडीवर होतं.

त्याच सुमारास त्यांच्या सूचना वाढल्या. आधी वर्षातून एखाददा ते "वास येतोय, खाली या" म्हणायचे, आणि खरोखर कुठेतरी वायर तापलेली असायची किंवा शेगडीचं बटण अर्धवट राहिलेलं असायचं. आता आठवड्याला व्हायला लागलं. मुलगी डोक्याला साबण लावून बसलेली, मी पेपर तपासतेय, नवरा शिफ्टवरून येऊन नुकताच लवंडलेला, आणि जिन्यातून आप्पांचा आवाज. आम्ही खाली उतरायचो, रस्त्यावर उभे राहायचो. किचनमधली मुलं हात पुसत बाहेर यायची. काहीच नसायचं. डिलिव्हरीवाले फोनकडे बघत म्हणायचे, "आप्पा, ऑर्डर लेट होतेय हो." नवरा म्हणायला लागला की वय झालं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

एका संध्याकाळी ते आमच्याकडे पाण्याच्या टाकीबद्दल काही सांगायला आले. मी चहा दिला, दूध पुन्हा गॅसवर ठेवलं आणि गच्चीवर कपडे काढायला गेले. तिथे शेजारणीशी बोलण्यात वेळ गेला. परत आले तर जिन्यातच करपल्याचा वास. धावत स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं होतं आणि घरभर धूर नसला तरी वास इतका होता की डोळे चुरचुरत होते. गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत आप्पा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते.

मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मान वर केली. माझा चेहरा पाहिला, हातातलं काळं पातेलं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. शहरात राहून इतकी वर्षं झाली तरी घाबरले की त्यांच्या तोंडून गावाकडची बोली यायची.

"माले वासच येत नही, पोरी."

"कधीपासून?"

"त्या आजारापासून. आधी वाटलं येईल हळूहळू. डॉक्टरांनी लवंग, लिंबू हुंगायला सांगितलं. रोज हुंगतो. लवंग नुसती काडी आहे, लिंबू नुसतं ओलं आहे."

"काकूंना माहीत आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"पण मग तुम्ही दर आठवड्याला वास येतोय म्हणून आम्हाला खाली बोलावता..."

"येत नाही म्हणूनच बोलावतो," ते म्हणाले. "आधी वास आला नाही म्हणजे नव्हता. आता आला नाही तर नाहीच, हे मला कसं कळणार? खाली ती मशीनं दिवसभर पेटलेली. वर ही गुडघे गेलेली. मधे तुम्ही, पोर. मी काय करू?"

त्या वेळी मला दोन वाटा दिसत होत्या. एक, नवऱ्याला सांगून त्यांच्या मुलाला पुण्याला फोन करावा. दुसरी मी निवडली. म्हटलं, "मी सांगत जाईन तुम्हाला. रोज सकाळी शाळेला जाताना आणि आल्यावर. तुम्ही विचारा, मी सांगेन."

ते म्हणाले, "फक्त 'नाही' म्हणून चालणार नाही. काय येतोय ते सांगावं लागेल."

असं ते सुरू झालं. जिन्याच्या वळणावर ते आणि मी. "काय येतंय?" "लसूण. सोया सॉस. कोणाच्या तरी उदबत्तीचा वास." "तेल?" "आहे." "ताजं की थकलेलं?" मला कळायचं नाही. त्यांनी शिकवलं. ताज्या तेलाचा वास नाकाला लागून निघून जातो, थकलेल्याचा घशात बसतो. वायरचा वास माशासारखा येतो, तो कधी विसरायचा नाही. हळूहळू मला ते वेगळे ओळखू येऊ लागले, आणि त्याबरोबर एक नवीन त्रास सुरू झाला. माझी झोप पातळ झाली. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना मधेच हात थांबायचा: हा कसला वास? मुलांच्या डब्यांचा. स्टाफरूममध्ये कुणी चहा ठेवला की मी जाऊन बटण बघून यायची. बसमध्ये ब्रेक तापल्याचा वास आला तर मला दरदरून घाम फुटायचा. नवरा म्हणाला, "ते घाबरतात ते ठीक, तू कशाला? दोघं मिळून वेडे व्हाल." मी त्याला आप्पांचं गुपित सांगितलं नव्हतं. माझ्या भीतीला कारण आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

ज्या दिवशी झालं तो शनिवार होता, भर दुपार. क्रिकेटची मोठी मॅच होती, त्यामुळे खालचे फोन थांबत नव्हते आणि जिन्याच्या तोंडाशी डिलिव्हरीवाल्यांची गर्दी. मी भाजी घेऊन आले. पहिल्या वळणावर पाय ठेवला आणि थांबले. आप्पा वरून उतरतच होते.

"आज वेगळा आहे," मी म्हटलं.

"कसा वेगळा?"

"माहीत नाही. तेलच आहे. पण गोडसर. जळका गोड. भिंतीतून आल्यासारखा."

त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला आणि लगेच ओढून घेतला. नाक गेलं होतं, पण हात शाबूत होता. ते म्हणाले, "पोरीला घे. घर बघू नकोस, फक्त पोरीला घे," आणि खाली गेले.

मी मुलीला ओढत खाली आणलं तेव्हा ते अर्ध्या शटरखालून वाकून आत बोलत होते. मॅनेजर मुलगी हात जोडत होती. "आप्पा, आज नको ना. एवढ्या ऑर्डरी अडकल्यात. परवाही तुम्ही असंच बंद करायला लावलंत, मला कंपनीकडून बोलणी बसली."

"बंद कर."

"अहो, पण कुठाय आग?"

आत सगळं नेहमीसारखंच होतं. तळणीच्या मशीनमध्ये बटाटे फसफसत होते. चिमणीचा पंखा घरघरत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत, तुम्ही तरी समजवा यांना, असं होतं.

मी म्हटलं, "मला येतोय वास. त्यांना नाही, मला येतोय. बंद कर."

तिने मान वळवून चिमणीकडे पाहिलं, आणि कशामुळे कोण जाणे, तिने मागे जाऊन गॅसचा मुख्य व्हॉल्व फिरवला. मशीनं बंद केली. मुलं बाहेर पडली. आणि मग चिमणीच्या आतून एक आवाज आला. स्फोट नव्हे. जड मालगाडी लांबून यावी तसा, वाढत जाणारा. चिमणीच्या आत साचलेला तेलाचा थर पेटला होता. गच्चीच्या वर चिमणीच्या तोंडातून ज्वाळा निघाली, रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले, आणि आमच्या जिन्यात, जिथे चिमणीचे सांधे होते तिथून, काळा धूर यायला लागला.

तेव्हा आप्पांना काकू आठवल्या. खरं तर ते त्यांना विसरले नव्हते, त्यांना वाटलं होतं की आधी गॅस बंद झाला पाहिजे, मग वर जाऊ. ते जिन्याकडे वळले. पहिल्याच पायरीवर खोकला आला आणि ते भिंतीला धरून वाकले. ज्या दोन डिलिव्हरीवाल्यांशी गाडी लावण्यावरून त्यांचं रोज भांडण व्हायचं, ते पुढे झाले. त्यांच्यातल्या एकाने गळ्यातला रुमाल ओला करून तोंडाला बांधला. "वर म्हातारी आहे," आप्पा म्हणाले. "चालता येत नाही. उजव्या हाताचं दार." तो म्हणाला, "माहीत आहे काका, पाणी दिलं होतं त्यांनी."

मी मुलीला छातीशी धरून उभी होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. जिन्याच्या तोंडातून फक्त धूर येत होता. आप्पा तिथेच उभे, धुरात पुन्हा जायला बघणारे, आणि बाकीचे त्यांना धरून ठेवणारे. मग ते दोघं प्लास्टिकच्या खुर्चीत काकूंना बसवून, खुर्ची उचलून, एकेक पायरी उतरत आले. काकूंच्या हातात फोन होता आणि मॅच चालू होती.

अग्निशामक दलाची गाडी आली, पाणी मारलं, चिमणी विझली. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या मजल्याची मागची खोली जळली, आमच्या एका भिंतीचा रंग फोड येऊन गळून पडला. आम्ही समोर दुभाजकावर बसलो होतो. अख्ख्या रस्त्यावर तो जळका, तेलकट वास इतका पसरला होता की लोक नाकाला पदर लावून जात होते. आप्पा माझ्याजवळ आले आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "अजून येतोय का?"

मी हो म्हटलं.

किचनवाली कंपनी आठवड्याच्या आत निघून गेली. काकूंच्या फोनवर बिर्याणीचं हॉटेल, मोमोचं हॉटेल आणि आईच्या हातची थाळी, सगळी तशीच चालू होती, फक्त कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीतून. गाळा रिकामा राहिला. मला वाटलं, आता आप्पा शांत होतील. उलट झालं. खाली आग नाही म्हटल्यावर ते आग शोधायला बाहेर पडू लागले. कॉलेज रोडच्या मागच्या गल्ल्यांतून हिंडायचे, मोठमोठ्या दुकानांच्या मागच्या दाराशी उभे राहायचे, चिमण्यांना हात लावून बघायचे. एकदा एका सिक्युरिटीवाल्याने त्यांना धरून ठेवलं आणि त्यांच्या खिशातल्या कागदावर माझा नंबर होता, त्यावरून मला फोन केला. मी गेले तर ते फुटपाथवर बसलेले. म्हणाले, "ती चिमणी आपल्यापेक्षा वाईट आहे. वर पाळणाघर आहे गं." सिक्युरिटीवाला म्हणाला, "ताई, घरी न्या त्यांना. डोक्यावर परिणाम झालाय." तेव्हा काकूंनीच मुलाला फोन केला, आणि त्याच्या सांगण्यावरून सटाण्याहून आप्पांचा पुतण्या येऊन दोघांना गावी घेऊन गेला. आम्हीही ते घर सोडलं.

वर्षभराने काकूंचा फोन आला. "एकदा येऊन जा. तुझंच ऐकतील." मी मुलीला घेऊन बसने गेले. पुतण्याचा कांद्याचा व्यापार, रस्त्यालगत मोठी जागा. त्या जागेत पुढच्या बाजूला बर्गर-पिझ्झ्याचं नवं दुकान तयार झालं होतं, लाल-पिवळं, काचेचं. त्याने फ्रँचायझी घेतली होती. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. पुतण्या म्हणाला, "पोरी ट्रेनिंगले येतस, आणि आप्पा दिवसभर किचनमा उभा. पोरी घाबरी गयात. काय शे त्यासना मनमा ते तरी विचारा."

मी मागच्या बाजूने आत गेले. नवीन स्टील, नवीन फरशी. टोप्या घातलेल्या मुली ओळीने उभ्या, सगळ्या आसपासच्या गावांतल्या, बहुतेकींची पहिलीच नोकरी. आप्पा कोपऱ्यात. वाळले होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, जणू मी यायचीच होते. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, नुसतं उभं राहू नका. काय सांगायचंय ते सांगून टाका त्यांना."

त्यांनी सांगितलं. मी इतकी वर्षं त्या माणसाच्या घरात राहिले, त्यांचं नाक झाले, तरी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

कारखान्यात रसायनाची एक मोठी टाकी साफ करायची होती. आत वायू उरलाय का, हे बघायचं काम आप्पांचं. यंत्र बिघडलेलं होतं, आणि त्यांच्या नाकाचा कारखान्यात लौकिक होता. ते टाकीच्या तोंडाशी उभे राहिले. आधी उग्र वास आला. त्यांनी झाकण उघडं ठेवलं आणि तिथेच वाट बघत राहिले. थोड्या वेळाने वास येईनासा झाला. त्यांनी आत उतरणाऱ्या कामगाराला सांगितलं, आता नाही, उतर.

"वास गेला नव्हता," आप्पा म्हणाले. "माझं नाक सरावलं होतं. तिथंच उभा राहिलो ना, म्हणून. बाहेर जाऊन हवा घेऊन परत आलो असतो तर कळलं असतं."

एका मुलीने विचारलं, "मग तो माणूस?"

"वर काढला. पण तो गेला. कारखान्याने माझी चूक धरली नाही. यंत्र बिघडलं होतं म्हणाले. तुम्हाला एवढंच सांगतो. इथं आठ तास उभ्या राहाल. पहिल्या दिवशी वास येईल, महिन्याने येणार नाही. तेव्हा समजू नका की सगळं ठीक आहे. मधून मधून बाहेर जायचं, मोकळ्या हवेत उभं राहायचं, आणि परत आत येताना पहिला श्वास नीट घ्यायचा. तो पहिला श्वास खोटं बोलत नाही."

त्या मुलीने मागच्या दाराकडे पाहिलं. दारासमोर पावांचे रिकामे क्रेट आणि बटाट्याच्या खोक्यांची उंच चळत लावलेली होती. मी त्या दारातून आत येताना अंग चोरून आले होते. तिने पहिला क्रेट उचलला. दुसरीने खालचं खोकं धरलं.

पुतण्या पुढून आला. "काय चाललंय? उद्या पाहुणे येणार. जागा कोठे शे दुसरी?"

"बघू कुठंतरी," मुलगी म्हणाली, आणि क्रेट घेऊन बाहेर गेली.

पुतण्याने आप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बाह्या सरसावून त्यानेही एक खोकं उचललं. आप्पा शेवटचं खोकं निघेपर्यंत दाराशी उभे राहिले. दार पूर्ण उघडलं तसे ते त्यातून बाहेर अंगणात गेले, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा आत येऊन एका नव्याकोऱ्या स्टुलावर बसले.